शरीरक्रियाविज्ञानाची पदवी : भोर-वेल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासवाट

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यासमोर आपल्याकडे साधारणपणे एकच ध्येय ठेवले जाते, ते म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश. प्रत्यक्षातील आकडे मात्र वेगळे चित्र दाखवतात. २०२४ साली 'नीट' परीक्षेला देशभरातून सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. म्हणजे वीस-एकवीस विद्यार्थ्यांमागे एक जागा. उरलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना मानवी शरीराच्या अभ्यासाची खरीखुरी ओढ असते. मात्र डॉक्टर होण्याखेरीज हा अभ्यास करता येतो, याची त्यांना कल्पना नसते. किंवा असली तरी ती एखाद्या संस्थेच्या जाहिरातीतून आलेली, अपुरी असते.

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येकडील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. आता राजगड या नावाने ओळखला जाणारा वेल्हे तालुका जिल्ह्यात लोकसंख्येने सर्वांत लहान. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ५४ हजार होती. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे अशा जुन्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या मुलखातून पुणे शहर पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. पण खासगी शिकवणी, वसतिगृह आणि परीक्षेची दोन-तीन वर्षे यांचा खर्च भातशेतीवरील कुटुंबाला सहज पेलवणारा नाही. अशा वेळी 'बायोमेडिकल' हा शब्द असलेली एखादी पदवी समोर आली, की तिच्यात 'मेडिकल' हा भाग आहे एवढ्यावर निर्णय घेतला जातो. ही पदवी काय देते आणि काय देत नाही, हे दोन्ही आधी समजून घेतले तर पुढील निराशा टळू शकते.

विषयाचे स्वरूप

शरीराची रचना सांगते ते शारीर, म्हणजे अ‍ॅनाटॉमी. आणि ती रचना कशी चालते, का चालते व बिघडते तेव्हा नेमके काय होते, हे सांगते ते शरीरक्रियाविज्ञान, म्हणजे फिजिऑलॉजी. हृदय छातीत कोठे आहे, त्याला किती कप्पे आहेत, हा पहिल्या शास्त्राचा विषय. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलणारे हेच हृदय चढ चढताना त्याच्या कितीतरी पट काम कसे करते, हा दुसऱ्याचा.

या विषयाचा गाभा एका कल्पनेत सामावलेला आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार (१८१३-१८७८) यांनी असे प्रतिपादन केले, की बाहेरील परिस्थिती कितीही बदलली तरी शरीर आपले अंतर्गत वातावरण स्थिर राखते आणि याच स्थैर्यावर स्वतंत्र जीवन अवलंबून असते. पुढे अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गुणाला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिले. मराठीत त्याला समस्थिती म्हणतात. रक्तातील साखर, क्षार, पाणी, तापमान आणि आम्लता ठरावीक मर्यादेत राहावी यासाठी मूत्रपिंड, फुप्फुसे, ग्रंथी आणि मज्जासंस्था अहोरात्र राबत असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व परत घेऊन दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर टाकतात, हे त्या कामाचे एक उदाहरण होय.

हा अभ्यास समजण्यासाठी भोर-वेल्ह्यातील विद्यार्थ्याला दूर जाण्याची गरज नाही. तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो आणि म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी असतो. तरीही निरोगी माणसाला माथ्यावर जो दम लागतो तो मुख्यतः उंचीमुळे नव्हे, तर चढावर स्नायूंनी केलेल्या कामामुळे. थोडा वेळ बसताच नाडी आणि श्वास पूर्ववत का होतात, रोज डोंगर चढणाऱ्या गुराख्याची नाडी शहरातून आलेल्या पर्यटकाइतकी का वाढत नाही, भातलावणीच्या दिवसांत भर पावसात तासन् तास वाकून काम करणाऱ्या बाईच्या अंगातील उष्णता कशी टिकते आणि कंबरेच्या स्नायूंवर त्याचा काय परिणाम होतो, हे सारे शरीरक्रियाविज्ञानाचेच प्रश्न आहेत.

वरंध घाटाच्या पलीकडचे उदाहरण

या शास्त्राचे प्रत्यक्ष मोल दाखवणारे एक ठळक उदाहरण भोरच्या शेजारीच घडले. भोरहून वरंध घाट उतरला की महाड तालुका लागतो. त्याच तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा अनेक बळी जात. दंशानंतर रुग्णाला दरदरून घाम फुटे, हातपाय थंड पडत, रक्तदाब चढे आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून विशेषतः लहान मुले दगावत.

डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि लक्षणांचा क्रम यांच्या काटेकोर नोंदी केल्या. त्यांतून उलगडलेली साखळी शरीरक्रियाविज्ञानाच्या भाषेत अशी मांडता येते : विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये प्रचंड प्रमाणात रक्तात उतरतात, त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आकुंचित वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसांत द्रव साचतो. एकदा ही साखळी ध्यानात आल्यावर ती कोठे तोडता येईल, हेही दिसू लागते. उच्च रक्तदाबावर वापरले जाणारे प्रॅझोसिन हे औषध नेमक्या त्याच ठिकाणी काम करते, म्हणजे आकुंचित रक्तवाहिन्या सैल करते. स्वस्त आणि तोंडाने घेता येणाऱ्या या गोळीमुळे, पूर्वी सुमारे ४० टक्क्यांपर्यंत असलेले गंभीर रुग्णांतील मृत्युप्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. 'द लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकाने या कामाची दखल घेतली आणि २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

डॉ. बावस्कर हे वैद्यकीय पदवीधर. उपचाराचा अधिकार त्यांना होता म्हणूनच हे शक्य झाले. पण त्यांना उत्तर सापडले ते 'कोणते औषध द्यावे' या प्रश्नापाशी नव्हे, तर 'शरीरात काय घडत आहे' या प्रश्नापाशी. शरीरक्रियाविज्ञानाची पदवी घेणारा विद्यार्थी शिकतो तो हा दुसरा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्याला त्या पदवीने मिळत नाही. या दोन गोष्टींतील फरक हीच या अभ्यासवाटेची किल्ली आहे.

पुणे जिल्ह्यातील संशोधनपरंपरा

पुणे जिल्ह्याला या विषयाची जुनी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरातील पोकळ्यांतील दाब कसा बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापनाच्या साहाय्याने तपासले. योगाविषयीचे दावे प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता.

अलीकडच्या काळातील मोठे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो असल्याचे दिसले. विशेष म्हणजे पुण्याची बाळे वजनाने आणि स्नायूंनी कमी असली तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला तरुण वयात मधुमेह का होतो, या प्रश्नाची मुळे गर्भावस्थेतील पोषणापर्यंत जातात, असा विचार यातून पुढे आला.

२००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. अशा संशोधनात डॉक्टरांबरोबर आहारतज्ज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतील विज्ञान पदवीधर आणि गावोगाव फिरून मोजमापे घेणारे कार्यकर्तेही असतात. विज्ञान पदवीधराची खरी जागा येथे आहे.

पदवी कोठे मिळते

शरीरक्रियाविज्ञान हा स्वतंत्र पदवीचा विषय म्हणून भारतात मुख्यतः बंगालमध्ये रुजला. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्रा. सुबोधचंद्र महलानोबिस यांनी १९०० साली या विषयाचा विभाग सुरू केला आणि आजही पश्चिम बंगालमधील अनेक महाविद्यालयांत फिजिऑलॉजी हा बी.एस्सी. ऑनर्सचा मुख्य विषय असतो. दिल्ली विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव महाविद्यालयासह काही महाविद्यालयांत बी.एस्सी. (ऑनर्स) बायोमेडिकल सायन्स हा अभ्यासक्रम आहे. त्याचे प्रवेश २०२२ पासून 'सीयूईटी' या केंद्रीय परीक्षेच्या आधारे होतात. म्हणजे भोरचा विद्यार्थीही महाराष्ट्रात राहून ती परीक्षा देऊ शकतो.

ब्रिटनमध्ये फिजिऑलॉजी आणि बायोमेडिकल सायन्स या दोन्ही नावांच्या पदव्या लंडन, ब्रिस्टल, लीड्स, ग्लासगो आदी ठिकाणी दिल्या जातात. तेथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे. नुसती पदवी मिळवून ती लावता येत नाही. मान्यताप्राप्त पदवी, प्रयोगशाळेतील प्रशिक्षण आणि नियामक संस्थेकडील नोंदणी, असे तीन टप्पे पूर्ण करावे लागतात. परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी आपली पदवी त्या नोंदणीसाठी ग्राह्य धरली जाईल का, हे आधी तपासावे.

महाराष्ट्रात मात्र शरीरक्रियाविज्ञान इतर पदव्यांच्या पोटात शिकवले जाते. एमबीबीएसच्या पहिल्या टप्प्यात शारीर आणि जीवरसायनशास्त्राबरोबर तो एक मुख्य विषय असतो. आयुर्वेद पदवीत त्याला क्रियाशारीर म्हणतात. भौतिकोपचार आणि परिचर्या या पदव्यांच्या पहिल्या वर्षी तो शिकावा लागतो. बी.फार्मसीच्या पहिल्या दोन सत्रांत 'ह्युमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी' हा विषय प्रात्यक्षिकांसह असतो. बी.एस्सी. प्राणिशास्त्रात प्राणिशरीरक्रिया हा अभ्यासक्रमाचा भाग असतो. काही खासगी व अभिमत विद्यापीठे 'बायोमेडिकल' हा शब्द असलेल्या पदव्याही देतात. त्यांचा आशय मात्र संस्थेगणिक बदलतो.

भोर-वेल्ह्यातून निघणारे मार्ग

पहिला मार्ग पारंपरिक बी.एस्सी.चा. भोर येथे राजगड ज्ञानपीठाचे अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे. पुण्यातील जुनी विज्ञान महाविद्यालयेही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतलेला विद्यार्थी पुढे पदव्युत्तर पातळीवर शरीरक्रियाविज्ञानाकडे वळू शकतो. बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि खर्च तुलनेने कमी असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी मिळवता येते.

दुसरा मार्ग औषधनिर्माणशास्त्राचा. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. औषध शरीरात शिरल्यावर काय करते, या प्रश्नाला शरीरक्रियाविज्ञानाखेरीज उत्तर नाही. म्हणूनच औषधशास्त्रातील संशोधनाकडे जाऊ पाहणाऱ्यांना हा मार्ग उपयुक्त ठरतो. शिवाय या पदवीनंतर फार्मसिस्ट म्हणून नोंदणी होते, म्हणजे पदरात एक मान्यताप्राप्त व्यवसायही पडतो.

तिसरा मार्ग तंत्रज्ञ पदव्यांचा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या 'बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी' या पदवीत प्रयोगशाळा, हृदयरोग, शस्त्रक्रियागृह अशा शाखा आहेत. येथे शरीरक्रियाविज्ञान पायाभूत विषय म्हणून येते आणि भर रुग्णालयातील प्रत्यक्ष कामावर असतो. ज्याला लवकर मिळवते व्हायचे आहे, त्याने या मार्गाचा विचार अवश्य करावा.

चौथा मार्ग थेट दिल्ली किंवा कोलकात्याचा. तो सर्वांत नेमका आहे. पण घरापासून दूर राहण्याचा खर्च आणि इंग्रजी माध्यमातील तयारी या दोन्ही गोष्टी त्यासाठी लागतात.

अभ्यास कसा असतो

पदवीच्या पातळीवर रक्त, स्नायू व मज्जातंतू, हृदय व रक्ताभिसरण, श्वसन, पचन, उत्सर्जन, अंतःस्रावी ग्रंथी, प्रजनन आणि मज्जासंस्था असे विषयाचे ठळक भाग पडतात. त्यांच्या जोडीला जीवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान, आनुवंशिकी, प्रतिकारशक्तिशास्त्र आणि संख्याशास्त्र असते. ज्यांनी गणिताला कंटाळून जीवशास्त्र निवडले, त्यांची येथे थोडी पंचाईत होते. द्रवाचा दाब व प्रवाह, वायूंचे विसरण, पेशीपटलावरील विद्युत्-दाब हे सारे भौतिकशास्त्र आहे आणि कोणताही निष्कर्ष संख्याशास्त्राच्या आधाराविना टिकत नाही.

प्रात्यक्षिकांत हिमोग्लोबिन मोजणे, रक्तगट ठरवणे, रक्तपेशींची गणना, रक्तदाब घेणे, हृदयाचा विद्युत् आलेख काढणे, फुप्फुसांची क्षमता मोजणे आणि व्यायामापूर्वी व नंतर नाडीची तुलना करणे अशा गोष्टी येतात. एकेकाळी या विषयाची ओळख असलेले बेडकावरील प्रयोग आता संगणकीय प्रतिकृतींवर केले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन थांबवण्याच्या सूचना दिल्या. अर्थात प्रयोगशाळा नीट सुसज्ज नसेल तर विषय नुसत्या पाठांतराचा होऊन बसतो. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा प्रयोगशाळा पाहावी, ती याच कारणासाठी.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने परिभाषेचे जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक संज्ञेचा अर्थ मराठीत समजून घेऊन मग इंग्रजी शब्द आत्मसात करणे. मराठी विश्वकोशातील वैद्यकविषयक नोंदी या कामी उपयोगी पडतात. संज्ञा पाठ झाली पण प्रक्रिया स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, अशी अवस्था असेल तर विषय समजलेला नाही असे खुशाल धरावे.

नावांतील घोटाळा

प्रवेशाच्या दिवसांत तीन नावांची गल्लत नेहमी होते. बायोमेडिकल सायन्स म्हणजे शरीर आणि रोग यांचा विज्ञान म्हणून अभ्यास. बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्र, ईसीजी यंत्र, कृत्रिम सांधे अशा उपकरणांचे अभियांत्रिकी शिक्षण. त्यासाठी बारावीला गणित लागते. मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी म्हणजे रुग्णालयातील तपासण्या करण्याचे कौशल्य. तिन्हींची प्रवेशप्रक्रिया, खर्च आणि पुढील नोकऱ्या वेगवेगळ्या आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यांपैकी कोणतीही पदवी घेणारा विद्यार्थी डॉक्टर होत नाही. आधुनिक वैद्यकाच्या व्यवसायासाठी एमबीबीएस आणि वैद्यक परिषदेकडील नोंदणी अनिवार्य आहे; नोंदणीविना व्यवसाय करणे हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या अहवालांवर कोणी स्वाक्षरी करावी हा वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने नोंदणीकृत, पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या डॉक्टरच्या बाजूने निर्णय दिला. बी.एस्सी. पदवीवर गावात स्वतःची तपासणी-प्रयोगशाळा काढून अहवाल देता येईल, असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. तसेच या पदवीच्या दुसऱ्या वर्षातून एमबीबीएसमध्ये थेट प्रवेश मिळतो हा समजही निराधार आहे. 'नीट'खेरीज तो दरवाजा उघडत नाही.

डोंगरी भागात या गल्लतीची किंमत मोठी असते. शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकणारे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढणारे कुटुंब मुलगा 'मेडिकल'ला गेला असे गावात सांगते. तीन वर्षांनी तो परत येतो तेव्हा गावाची अपेक्षा त्याने सुई टोचावी, औषध द्यावे अशी असते. एक तर तो ती अपेक्षा मोडतो किंवा कायदा. दोन्हींत नुकसान त्याचेच असते, आणि दुसऱ्या बाबतीत रुग्णाचेही.

पुढील शिक्षण आणि रोजगार

केवळ तीन वर्षांच्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या मर्यादित आहेत, हे स्पष्टपणे सांगावयास हवे. औषध कंपन्यांत विक्री किंवा गुणवत्ता नियंत्रण, चिकित्सालयीन चाचण्यांच्या नोंदी ठेवणे, वैद्यकीय लेखन, प्रयोगशाळा साहाय्यक अशी कामे या टप्प्यावर मिळतात. पुणे परिसरात लस व औषधनिर्मिती आणि जैवतंत्रज्ञान उद्योग असल्याने या कामांना वाव आहे. पण या विषयाचे खरे फळ पदव्युत्तर शिक्षणानंतर मिळते.

एम.एस्सी.नंतर विद्यापीठ अनुदान आयोग व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची 'नेट' परीक्षा देता येते. तिच्या जीवविज्ञानाच्या अभ्यासक्रमात प्राण्यांचे शरीरक्रियाविज्ञान हा स्वतंत्र घटक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही संशोधन शिष्यवृत्त्या आहेत. चार वर्षांची ऑनर्स पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्याला २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.साठी पात्र धरले जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस्सी. मेडिकल फिजिऑलॉजी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यानंतर तेथे अध्यापनाची संधी मिळू शकते. मात्र अशा बिगरवैद्यकीय शिक्षकांचे प्रमाण नियामकांनी वेळोवेळी बदलले आहे आणि २०२० मध्ये ते घटवण्यात आले होते. त्यामुळे केवळ या एका आशेवर अवलंबून राहू नये.

संरक्षण क्षेत्रात दिल्लीची 'डिपास' ही शरीरक्रियाविज्ञानाला वाहिलेली संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. उंच हिमप्रदेशातील सैनिकांच्या शरीरावर होणारे परिणाम हा तिच्या अभ्यासाचा विषय. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत होतो. क्रीडाविज्ञान हे वाढते क्षेत्र असून पुण्यात २००१ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांत खेळाडूंच्या क्षमतेचे शास्त्रीय मोजमाप केले जाते.

खर्च आणि साह्य

आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयं' योजना उपलब्ध आहेत. वेल्ह्यातील महादेव कोळी व कातकरी कुटुंबांनी शेवटच्या योजनेची चौकशी आवर्जून करावी. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतील मुलींना राज्य सरकारने २०२४ पासून शुल्कात पूर्ण सवलत दिली. या योजनांसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जातीची प्रमाणपत्रे लागतात. तहसील कार्यालयातील हे काम निकालानंतर नव्हे, तर बारावीच्या वर्षातच उरकून ठेवणे शहाणपणाचे होय.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी पुढील बाबींची लेखी माहिती घ्यावी. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? या पदवीनंतर कोणत्या परिषदेकडे नोंदणी होते, की मुळीच होत नाही? शरीरक्रियाविज्ञानाची प्रात्यक्षिके आठवड्यातून किती तास होतात आणि ती कोठे घेतली जातात? मागील दोन-तीन वर्षांत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आज काय करत आहेत? त्यांच्यापैकी एखाद्याशी प्रत्यक्ष बोलता येईल का? सर्व वर्षांचे मिळून एकूण शुल्क किती? या प्रश्नांना टाळाटाळीची उत्तरे मिळाली, तर तोच खरा निर्णय समजावा.

त्यानंतर उरतो तो विद्यार्थ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न. पांढरा कोट आणि गावातील मान ही ओढ असेल तर ही वाट त्याची नव्हे. त्याने 'नीट'ची आणखी एक संधी घ्यावी किंवा परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण यांपैकी नोंदणी देणारी पदवी निवडावी. परंतु चढावर दम का लागतो, विंचू चावल्यावर घाम का फुटतो, बारीक माणसाला मधुमेह का होतो, असे प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाहीत, त्याच्यासाठी हा विषय नापासांचा आसरा नाही. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना उपचार देणारे डॉक्टर हवेत, हे खरेच. पण या डोंगरातील माणसांचे आहार, श्रम आणि आजार यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी, येथलीच बोली बोलणारी माणसेही हवीत. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात झाले ते काम नोंदवही, रक्तदाबमापक आणि नीट विचारलेला प्रश्न यांच्या बळावर उभे राहिले होते. पदवी निवडताना तो प्रश्न विचारायला ती शिकवते की नाही, एवढे पाहिले तरी निवड बरीचशी सोपी होईल.